खाजणातली वाट

स्वातीचा फोन आला तेव्हा उल्हासराव लंडनजवळच्या स्लाऊमधल्या आपल्या घरात ओट्यापाशी उभे राहून मेथी निवडत होते. २००७ सालचा जून महिना होता. फोन कान आणि खांद्यामध्ये धरून त्यांनी निवडणं चालूच ठेवलं.

"बाबा, तुम्हाला एक सांगायचंय," स्वाती म्हणाली. "मी लग्न करायचं ठरवलंय. संजय त्याचं नाव. मूळचा नागपूरचा, मेडनहेडला सॉफ्टवेअरमध्ये आहे. त्याचंही हे दुसरं लग्न. दुसऱ्या कुणाकडून कळायच्या आधी मीच सांगावं म्हटलं."

उल्हासरावांच्या हातातली काडी हातातच राहिली.

"बरं," ते म्हणाले. मग त्यांनी विचारलं, "पोरीचा खोकला कसा आहे?"

"बाबा, मी काय म्हणाले ते ऐकलंत ना?"

"ऐकलं. खोकला कसा आहे तिचा?"

स्वाती त्यांची सून. मुलगा अपूर्व तीन वर्षांपूर्वी रक्ताच्या कॅन्सरने गेला. पत्नी लीलावती त्याच्याही आधी गेली होती, आणि ते एक बरंच झालं, असं उल्हासराव कधीकधी मनाशी म्हणत. अपूर्व स्लाऊमध्येच जन्मला, वाढला. स्वाती पुण्याची. लग्नानंतर दोघं केंब्रिजला राहिली, त्यांची मुलगी पूर्वी तिथेच झाली. अपूर्व गेल्यावर सगळ्यांना वाटलं, स्वाती मुलीला घेऊन माहेरी जाईल. ती गेली नाही. तिने नोकरी सांभाळली, घर सांभाळलं, आणि सासऱ्याला महिन्यातून एकदा केंब्रिजला बोलावून, गाडीत बसवून, समुद्राकडे न्यायची रीत पाडली.

त्याला निमित्त डॉक्टरांचं होतं. अपूर्वच्या वर्षश्राद्धाच्या आधीच उल्हासरावांची बायपास झाली. चढ नको पण रोज चाला, असं डॉक्टरांनी बजावलं. स्लाऊच्या रस्त्यांवरून उगाचच चालायला त्यांचे पाय तयार होईनात. मग स्वातीने लायब्ररीतून सोप्या पायवाटांचं एक पुस्तक आणलं आणि त्यातली सफोकच्या किनाऱ्यावरची एक वाट निवडली. अर्धी वाट उंचावरच्या माळावरून जाते, ज्याला इथले लोक हीथ म्हणतात, आणि अर्धी खालच्या दलदलीतून, फळ्या टाकून केलेल्या पुलासारख्या रस्त्यावरून. कुठे मोठा चढ नाही, कुठे धाप लागत नाही.

पहिल्यांदा त्या फळ्यांवर पाऊल टाकलं तेव्हा उल्हासराव थबकले होते. दोन्हीकडे करडी-हिरवी खारट झुडपं, मधून नागमोडी चर, चरांच्या तळाशी चकाकणारा गाळ, आणि तो वास.

"हे तर खाजण आहे," ते मोठ्याने म्हणाले होते.

रेवदंड्याजवळच्या खाडीकाठी त्यांचं लहानपण गेलं होतं. कोळ्यांच्या पोरांबरोबर ते चिखलात उड्या मारणारे निवट्या मासे धरायला जात आणि आईच्या हातचा मार खात. इंग्लंडला येऊन चाळीस वर्षं होत आली तरी या देशात असा वास असेल हे त्यांना माहीतच नव्हतं. त्यानंतर ते स्वातीला दुसरी कुठली वाट शोधू देईनात. हीच वाट, दर महिन्याला. अपूर्वबद्दल ते दोघं घरात कधीच बोलले नव्हते. इथे चालताना थोडं थोडं बोलले. चालताना शेजारच्या माणसाच्या तोंडाकडे बघावं लागत नाही, त्यामुळे ते जमलं.

जूनच्या त्या फोननंतर मात्र त्यांनी दोनदा कारणं सांगून जाणं टाळलं. एकदा गुडघा, एकदा प्लंबर. ऑगस्टच्या बँक हॉलिडेच्या आधी स्वातीने स्पष्टच विचारलं.

"बाबा, येताय ना? संजयही येणार आहे. तुम्ही त्याला भेटावं असं मला वाटतं. आणि पूर्वी रोज विचारते, आजोबा कुठे आहे म्हणून."

पूर्वीसाठी ते गेले.

संजय सोमवारी सकाळी मेडनहेडहून गाडी घेऊन केंब्रिजला आला. चाळिशीचा, टक्कल पडू लागलेला, जरा स्थूल. पायांत गुडघ्यापर्यंतचे हिरवे गमबूट होते, नवे कोरे, एकाच्या तळाला किमतीचं लेबल अजून चिकटलेलं. तो वाकून पाया पडला. उल्हासरावांनी हात वर केला, पण तोंडाने काही म्हटलं नाही.

स्वातीच्या गाडीतून जायचं ठरलं. उल्हासराव पुढे बसले, संजय मागे. रस्त्यात पूर्वीला झोप लागली. समोरच्या आरशात त्यांना दिसलं, की तिचं डोकं संजयच्या दंडावर टेकलंय आणि तिची झोप मोडू नये म्हणून तो हात अवघडलेला तसाच ठेवून बसलाय. त्यांनी नजर काढून बाहेरच्या शेतांवर लावली.

माळ त्या दिवशी ऐन बहरात होता. हेदरची खुरटी झुडपं फुलली होती. लांबवर, समुद्राच्या कड्यापर्यंत, जमीन जांभळी झाली होती आणि मधमाश्यांचा एकसारखा आवाज येत होता. वाट वाळूची, मऊ. पूर्वी पुढे पळत होती.

"काका, अगदी आपल्याकडच्या माळासारखं वाटतं ना इथे?" संजय म्हणाला.

"जांभळा माळ कुठे बघितलात तुम्ही आपल्याकडे?"

संजय हसला, मग हसायचं थांबला. स्वातीची चाल जलद झाली. उल्हासरावांनाही आपलं बोलणं लागलं. पण मागे घ्यावं असं वाटलं नाही. हा माणूस वाईट नाही हे त्यांना आरशातच कळलं होतं. तो वाईट निघाला असता तर सगळं सोपं झालं असतं.

माळ उतरून वाट खाली दलदलीत शिरते तिथे एक पाटी आहे. संजय ती वाचत थांबला.

"काका, आज भरती मोठी आहे असं लिहिलंय. दुपारच्या आत पाणी भरणार. फळ्या सोडून खाली उतरू नका म्हणताहेत."

"फळ्यांवरून जाणाऱ्याला भरतीचं काय?" उल्हासराव म्हणाले. "आणि मला भरती-ओहोटी शिकवू नका. मी खाडीतच वाढलोय."

सकाळचं ऊन होतं. मोठ्या चरांमध्ये पाणी जेमतेम घोट्याएवढं, लहान चर कोरडे. दलदलीच्या मध्यावर पोचल्यावर पूर्वी खाली बघून ओरडली, "आजोबा, तो भाजी! तो सॉल्टी भाजी!"

ती सॅम्फायरबद्दल बोलत होती. घोळीच्या भाजीसारखी मांसल, खारट अशी ही वनस्पती तिथे चिखलात उगवते. गेल्या उन्हाळ्यात उल्हासरावांनी तिला ती खुडून खायला शिकवलं होतं.

"ती भाजी," स्वातीने तिला सुधारलं.

"ती भाजी. मी काढू?"

"राहू दे ना आज, पूर्वी," संजय म्हणाला. "पाटीवर लिहिलंय, खाली उतरायचं नाही."

पूर्वीने आजोबांकडे बघितलं. उल्हासराव म्हणाले, "जा. कडेकडेने जा, लांब जाऊ नकोस. हलकी आहे ती, तिला काही होत नाही."

ते नंतर पुष्कळ वेळा त्यांच्या मनात येणार होतं. संजयने नको म्हटलं नसतं, तर कदाचित त्यांनीच तिला नको म्हटलं असतं.

पूर्वी उतरली. मोठी माणसं फळ्यांवर उभी राहिली. स्वातीने थर्मासमधला चहा ओतला. लांब समुद्राच्या बाजूला पक्ष्यांचा एक थवा उठला आणि फिरून आत, जमिनीकडे आला. उल्हासरावांनी तो बघितला, पण त्याचा अर्थ लक्षात यायला त्यांना वेळ लागला. भरती चढू लागली की पक्षी आत येतात. मग एकदम दुसरी गोष्ट आठवली. उद्या नारळी पौर्णिमा. उधाणाचं पाणी.

"पूर्वी!" त्यांनी हाक मारली. "चल, परत ये!"

ती एका अरुंद चरावरून उडी मारून पलीकडच्या उंचवट्यावर गेली होती. हाक ऐकून ती वळली, आणि थांबली. मघाशी कोरड्या असलेल्या त्या चरात आता तपकिरी पाणी धावत होतं. पाणी फार नव्हतं, पण तिला उडी मारायचं धाडस होईना.

"मम्मी, वॉटर आलं!" तिचा आवाज रडवेला झाला.

उल्हासराव खाली उतरायला वाकले, तोवर संजय उतरलाही होता. तो धावत गेला, चरात पाय घातला, पूर्वीला उचलून खांद्यावर घेतलं. वळला, आणि दुसरं पाऊल त्याला उचलताच आलं नाही. दोघांचं ओझं त्या गाळाने घेतलं. तो मांड्यांपर्यंत खाली गेला.

तोवर उल्हासराव चराच्या काठाला पोचले होते. संजयने पूर्वीला दोन्ही हातांनी वर धरून त्यांच्याकडे दिलं. त्यांनी तिला ओढून घेतलं आणि मागे स्वातीच्या हातात दिलं.

"इकडे येऊ नका कुणी!" संजय ओरडला. "पूर्वीला वर घेऊन जा आधी, स्वाती. पाणी वाढून राहिलं."

त्याने एक पाय जोर लावून ओढला आणि दुसरा आणखी खाली गेला.

उल्हासराव काठावर उभे होते. चर समुद्राकडून भरत येत होता. त्यांच्या समोर एक माणूस चिखलात रुतलेला होता, आणि एक क्षण, एवढाच क्षण, त्यांच्या मनात काहीसुद्धा उठलं नाही. भीती नाही, कळवळा नाही. जणू दुसऱ्याच कुणाचं काहीतरी चाललंय आणि आपण वाटसरू आहोत. मग संजयने पुन्हा पाय ओढला आणि त्याच्या तोंडून आवाज निघाला, लहान मुलासारखा.

"अरे गाढवा, हलू नकोस!" उल्हासराव ओरडले. "ओढशील तेवढा आत जाशील. मागे रेल. खुर्चीत बसतोस तसा बस, मागे!"

स्वातीने मोबाइल काढला होता. सिग्नल नव्हता.

"वर माळावर जा," उल्हासराव तिला म्हणाले. "तिथे लागेल. नाइन नाइन नाइन कर आणि कोस्टगार्ड माग. माळाच्या कडेला चहाचं दुकान आहे, त्या लोकांना सांग. पळ."

"बाबा, तुम्ही..."

"पळ, स्वाती!"

ती पूर्वीला कडेवर घेऊन फळ्यांवरून पळत सुटली. सात वर्षांची मुलगी कडेवर मावत नाही, तिचे पाय लोंबत होते.

उल्हासरावांनी अंगातलं जाड जॅकेट काढून काठावर पसरलं. पिशवीतली सहलीची ताडपत्रीची चटई त्याच्या पुढे टाकली आणि तिच्यावर पोटावर आडवे झाले. छातीवरची जुनी शिवण दुखली. हात लांब केला तेव्हा तो संजयच्या काखेपर्यंत पोचला.

"टेक मागे. माझ्या हातावर भार दे."

"काका, तुमचं ऑपरेशन झालंय..."

"भार दे म्हणतो ना! आता पायाची बोटं हलव. बुटाच्या आत. पाय वर ओढायचा नाही, बुटातून बाहेर काढायचा. हळू."

रेवदंड्याला एकदा एक म्हातारी कोळीण अशीच अडकली होती. तिच्या मुलाने तिला फळीवर निजवून काढलं, ते त्यांनी काठावरून बघितलं होतं. तेवढंच त्यांना येत होतं. आणि पाणी आलं की गाळ थोडा सैल होतो, हे माहीत होतं. पण किती सैल होतो आणि किती वेळात, ते माहीत नव्हतं.

पाणी संजयच्या कमरेला लागलं. ते बर्फासारखं गार होतं. त्याचे दात वाजू लागले.

"काका, तुम्ही वर जा. ते लोक येतील."

"येतील तेव्हा येतील. बोलत राहा. तुझ्या घरी कोण कोण आहे?"

संजयला प्रश्न कळला नाही.

"घरी, घरी! नागपूरला!"

"आई आहे. धाकटी बहीण, तिचं लग्न झालंय."

"वडील?"

"गेले. मी बारावीत होतो. शाळेत मास्तर होते, गणिताचे."

"बोटं हलव. तुझं पहिलं लग्न का मोडलं?"

संजयने डोळे मिटले. "मी इथे आलो, तिला यायचं नव्हतं. मला परत जायचं नव्हतं. दोघंही हट्टी. भांडणसुद्धा झालं नाही धड. काका, निघाला! एक पाय निघाला!"

बूट आतच राहिला होता, पण पाय वर आला होता. उल्हासरावांनी त्याला तो पाय आडवा, पाण्यावर सोडायला सांगितला. दुसरा पाय मात्र हलेना. तो खोल होता आणि काही केल्या त्याच्याभोवतीचा गाळ सुटेना. पाणी छातीला आलं. ज्या चटईवर उल्हासराव पडले होते तिच्यावरही पाणी चढलं. त्यांनी दोन्ही हात संजयच्या काखेत घातले आणि त्याचं डोकं आपल्या खांद्यावर टेकवून घेतलं. आता त्यांचं अर्धं अंग चरात होतं.

"पुढे सांग," ते म्हणाले. "लग्न झाल्यावर राहणार कुठे? मेडनहेडला?"

संजयने मान दुसरीकडे वळवली.

"ऐकतोयस ना?"

"काका, आमची कंपनी इकडचं ऑफिस कमी करून राहिली. पुढच्या वर्षी मला बहुतेक पुण्याला जावं लागेल. स्वातीला माहेर आहे तिथे. तिला जावंसं वाटतंय." त्याचा श्वास तुटत होता. "पूर्वीची शाळाही बघितलीय. आज तुम्हाला सांगणार होतो. माळावरच सांगणार होतो."

उल्हासरावांना वाटलं, पाणी आपल्याच छातीत शिरतंय.

पूर्वी जाणार. अपूर्वचं इथे जे काही उरलं होतं, ते एका सुटकेसमध्ये भरून हा माणूस घेऊन जाणार. त्याचं डोकं त्यांच्या खांद्यावर होतं. कानाला लागून त्याचा श्वास येत होता, गरम. पाणी हनुवटीच्या दिशेने चढत होतं.

अपूर्वच्या शेवटच्या दिवसांत हॉस्पिटलमध्ये उल्हासराव असेच त्याच्याजवळ बसत. नळ्या होत्या, मशिनं होती, नर्सेस होत्या. सगळ्यांना काही ना काही काम होतं. बापाच्या हातांना मात्र काहीच काम नव्हतं. ते हात मांडीवर ठेवून बसत आणि कुणी आत आलं की उठून जागा देत.

"मान वर ठेव," ते संजयला म्हणाले. "वर बघ. आकाशाकडे. मी धरलंय."

"काका, चिडलात?"

"मान वर ठेव म्हणतो ना."

उल्हासरावांच्या हातांना हळूहळू काही जाणवेनासं झालं. बोटं एकमेकांत अडकवलेली आहेत एवढंच दिसत होतं. पाणी संजयच्या ओठांना लागलं की ते त्याला आणखी थोडं वर ओढत, आणि तेवढ्यात स्वतः थोडे खाली घसरत. एकदा लाटेचं पाणी दोघांच्या तोंडात गेलं. खारट, मातकट. संजय खोकला. ते खोकणं ऐकून त्यांना बरं वाटलं.

मग फळ्यांवर जड पावलं वाजली आणि इंग्रजीत कुणी ओरडलं, धरून ठेवा, आलो. कोस्टगार्डची माणसं होती. सपाट फळ्या टाकून ती चरात उतरली. एकाने नळीने संजयच्या पायाशी जोराने पाणी सोडलं, दोघांनी त्याला धरलं, आणि तो पाय सुटला. आता सोडा सर, आम्ही धरलंय, असं एक तरुण पुन्हा पुन्हा सांगत होता. उल्हासरावांना सोडायचं होतं, पण बोटं उघडेनात. शेवटी त्या मुलाने एकेक बोट सोडवलं.

हॉस्पिटलमध्ये दोघांनाही रात्रभर ठेवायचं ठरलं. थंडीने अंगातली ऊब गेली होती आणि उल्हासरावांच्या छातीचे ठोके अनियमित पडत होते. संध्याकाळी स्वाती त्यांच्या खाटेपाशी येऊन बसली. पूर्वीला तिने मैत्रिणीकडे सोडलं होतं. तिच्या कपड्यांवर चिखल वाळला होता.

"बाबा," ती म्हणाली, आणि त्यांच्या अंगावरचं ब्लँकेट नीट केलं.

"पुण्याचं मला कळलं," उल्हासराव म्हणाले.

तिने मान खाली घातली.

"मला राग आलाय, स्वाती. संजयने वाचवलं पूर्वीला, मी त्याला धरलं, म्हणून आता सगळं गोड झालं असं समजू नकोस. जूनमध्ये फोन केलास तेव्हाच सांगायला हवं होतंस."

"तुम्ही खोकल्याचं विचारत होतात, बाबा," ती म्हणाली. "मी कसं सांगणार होते?"

ते खरंच होतं. उल्हासराव छताकडे बघत राहिले.

"मी जाऊ नको का?" तिने विचारलं. "तुम्ही सांगा. तुम्ही नको म्हणालात तर मी पुन्हा विचार करेन. खरंच करेन."

बाहेर ट्रॉलीची चाकं वाजत गेली.

"तू इथे थांबलीस ती माझ्यासाठी," ते म्हणाले. "मला ते ठाऊक होतं. तीन वर्षं ठाऊक होतं. मी कधी तसं म्हटलं नाही, कारण म्हटलं असतं तर तुला जा म्हणावं लागलं असतं." त्यांनी डोळे पुसले नाहीत. "आज पूर्वीला खाली उतरायला मी सांगितलं. त्याने नको म्हटलं म्हणून सांगितलं. सहासष्ट वर्षांचा माणूस मी. तिला काही झालं असतं तर..."

"झालं नाही, बाबा."

"नाही झालं. तो होता म्हणून." त्यांनी तिच्याकडे बघितलं. "जा तू. मला ते आवडणार नाही. पण जा."

स्वातीने त्यांचा हात हातात घेतला. बोटं अजून सुजलेली होती. तिने तो हात कपाळाला लावला आणि रडली, अपूर्व गेला तेव्हासुद्धा ती त्यांच्यासमोर अशी रडली नव्हती. उल्हासरावांनी दुसरा हात तिच्या डोक्यावर ठेवला.

थोड्या वेळाने संजय आला, हॉस्पिटलच्या गाउनमध्ये, पायात कागदी सपाता. दारातच उभा राहिला.

"ये, बस," उल्हासराव म्हणाले. "थंडी वाजतेय का अजून?"

"नाही, काका."

"मग असा उभा काय राहिलास? तिच्यासाठी काहीतरी खायला बघ. सकाळपासून उपाशी आहे ती."

लग्न नोव्हेंबरात केंब्रिजच्या रजिस्ट्री ऑफिसमध्ये झालं. फार माणसं नव्हती. संजयची आई नागपूरहून येऊ शकली नाही, स्वातीचे आईवडील आले होते. साक्षीदार म्हणून स्वातीने उल्हासरावांचं नाव दिलं होतं. लग्न लावणारी बाई हसतमुख होती. सही करायला त्यांच्या हातात पेन देताना तिने सहज विचारलं, तुम्ही नवरीचे कोण?

"सासरा," ते इंग्रजीत म्हणाले.

"म्हणजे नवऱ्या मुलाचे वडील!" बाई संजयकडे बघून म्हणाली. "किती छान."

संजयने काही बोलायला तोंड उघडलं. उल्हासरावांनी मान हलवली.

"नाही," ते म्हणाले. "माझ्या मुलाचं नाव अपूर्व. तो हिचा पहिला नवरा. तो आता नाही."

बाईचा चेहरा उतरला. तिने माफी मागितली. उल्हासराव म्हणाले, त्यात माफी कसली, आणि त्यांनी वाकून सावकाश, स्वच्छ अक्षरात सही केली. मग बाजूला सरकून पेन स्वातीच्या वडिलांना दिलं.

पुढच्या जुलैत ती तिघं पुण्याला गेली. विमान दुपारचं होतं. हीथ्रोवर पूर्वी आजोबांच्या गळ्यात हात टाकून खूप वेळ तशीच राहिली आणि शेवटी संजयनेच तिला हळूच सोडवलं. तो पाया पडला तेव्हा उल्हासरावांनी त्याला उठवून जवळ घेतलं.

"डिसेंबरात या, काका," तो म्हणाला. "थंडीत इथे एकटे राहू नका."

"बघू," ते म्हणाले. "आधी तुमचं बस्तान बसू दे."

ती आत दिसेनाशी झाल्यावरही ते थोडा वेळ तिथे उभे राहिले. मग स्लाऊची बस पकडून ते घरी आले. घर तसंच होतं. बुटांच्या नाड्या सोडायला ते जिन्याच्या खालच्या पायरीवर बसले, आणि सोडायच्याऐवजी त्यांनी त्या पुन्हा बांधल्या. दिवस मोठा होता. अजून ऊन होतं. दार ओढून घेऊन ते जवळच्या कालव्याच्या कडेने चालायला निघाले.